दाराबाहेर उभी केलेली बातमीदार

१० ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीत, अफगाण दूतावासात, तालिबान सरकारचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्ताकी यांची पत्रकार परिषद झाली आणि तिथे एकाही बाईला आत घेतलं नाही. ज्या वर्षानुवर्षं परराष्ट्र खातं कव्हर करतात, ज्यांच्या फोनमध्ये काबूलचे नंबर आहेत, त्यांना बोलावणंच नव्हतं, आणि ज्या तरीही गेल्या त्यांना गेटवरूनच परत यावं लागलं. हे आपल्या राजधानीत झालं, चाणक्यपुरीत.

मग दोन दिवस गदारोळ झाला. एडिटर्स गिल्डने निषेध केला, इंडियन विमेन्स प्रेस कोअरने केला, विरोधी पक्षाचे लोक बोलले, परराष्ट्र खात्याने सांगितलं की या पत्रकार परिषदेशी आमचा संबंध नाही, आणि निमंत्रणं अफगाणिस्तानच्या मुंबईतल्या कॉन्सल जनरलकडून गेली होती अशीही बातमी सूत्रांच्या हवाल्याने आली. १२ तारखेला, रविवारी, दुसरी पत्रकार परिषद झाली. तिथे बायका पहिल्या रांगेत बसल्या आणि मुत्ताकींनी सांगितलं की आधीचं सगळं घाईत ठरलं होतं, यादी छोटी होती, तांत्रिक अडचण होती, बाकी हेतू काही नव्हता. तिथे विषय मिटला आणि लोक दिवाळीच्या तयारीला लागले.

माझ्या दृष्टीने विषय मिटलेला नाही, कारण त्या सगळ्या चर्चेत जवळपास प्रत्येकजण तालिबानबद्दलच बोलत होता. तालिबानच ते, त्यांच्याकडून दुसरी काय अपेक्षा करणार वगैरे. अहो पण त्या हॉलमध्ये तालिबानचे लोक मोजके होते, बाकी सगळे आपले पत्रकार होते, दिल्लीतले, शिकलेले, एरवी स्त्रीपुरुष समानतेवर अग्रलेख लिहिणारे. आपल्या ऑफिसमधली, रोज शेजारच्या टेबलवर बसणारी बाई इथे दिसत नाही हे त्यांना दिसलं असणारच की. मग एकजण उठला का? पी. चिदंबरम म्हणाले की पुरुष पत्रकारांनी उठून जायला हवं होतं. त्यांचा पक्ष कुठला, राजकारण कुठलं ते सोडून द्या, हे वाक्य बरोबर होतं.

यावर एक उत्तर येतं आणि ते मी त्या आठवड्यात खूप जणांकडून ऐकलं, की उठून गेलो असतो तर बातमी कोणी दिली असती. ठीक आहे, बातमीचंच बोलू. त्या दिवसाची सगळ्यात मोठी बातमी होती की भारत काबूलमधल्या टेक्निकल मिशनचा दर्जा वाढवून पुन्हा दूतावास करणार, आणि ती जयशंकर यांनी मुत्ताकींसोबतच्या बैठकीतच जाहीर केली होती. दूतावासातल्या त्या हॉलमध्ये न बसताही ती सगळ्यांना मिळत होती. बायकांच्या परिस्थितीबद्दल आतल्या पुरुषांनी विचारलंच नाही असंही नाही, विचारलं. मुत्ताकींनी उत्तर दिलं की प्रत्येक देशाच्या आपापल्या चालीरीती असतात, कायदे असतात, त्यांचा मान ठेवायला हवा. झालं. नुसत्या पुरुषांनी भरलेल्या हॉलमध्ये असं उत्तर देऊन पुढच्या प्रश्नाकडे वळणं किती सोपं असतं. दोन दिवसांनी बायका समोर बसल्या तेव्हा त्याच माणसाला आकडे द्यावे लागले, शाळा-मदरशांत २८ लाख मुली-बायका शिकतायत असं सांगावं लागलं, मुलींचं शिक्षण आम्ही हराम ठरवलेलं नाही, फक्त पुढच्या आदेशापर्यंत थांबवलंय हे कॅमेऱ्यासमोर म्हणावं लागलं. हे आकडे किती खरे तो वेगळा वाद आहे, पण आता ते त्यांचं रेकॉर्डवरचं विधान झालं आणि त्यावर पुढचा प्रश्न विचारता येतो. म्हणजे कोण समोर बसलंय याने उत्तर बदलतं. मला जे म्हणायचंय ते इथूनच सुरू होतं. स्त्री बातमीदाराला परदेशात पाठवणं, पत्रकार परिषदेत बसवणं, मुलाखतीला नेणं हे तिच्यावर किंवा समस्त स्त्रीजातीवर केलेले उपकार नाहीत, ती नसली तर बातमी अर्धवट राहते एवढं साधं आहे ते, आणि अर्धवट बातमीची जबाबदारी आत बसलेल्यांची सुद्धा असते.

आणि पुरुषांनी करायचं तरी काय असं विचारणाऱ्यांना मी मे २०२२ ची आठवण करून देते. तालिबानने हुकूम काढला की टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बायकांनी चेहरा झाकायचा, फक्त डोळे दिसले पाहिजेत. दुसरा मार्गच नव्हता म्हणून टोलो न्यूज या अफगाण चॅनलच्या मुली मास्क लावून बसल्या, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे पुरुष सहकारी पण काळे मास्क लावून ऑन एअर गेले. काबूलमध्ये! जिथे पत्रकारांना उचलून नेतात, मारतात, तिथे. त्यांच्यावर कुणी मास्कची सक्ती केली नव्हती. त्यांनी जे काबूलमध्ये, नोकरी आणि जीव दोन्ही धोक्यात घालून केलं, त्याच्या शंभराव्या भागाएवढी जोखीम दिल्लीत नव्हती. फार तर एक पत्रकार परिषद गेली असती.

मी बरीच वर्षं एका मराठी दैनिकात परदेशचं पान लावायचे. मराठी पेपरांचे परदेशात नेमलेले बातमीदार जवळपास नसतातच, आपलं पान एजन्सीच्या कॉपीवर, म्हणजे वृत्तसंस्थांकडून येणाऱ्या मजकुरावर चालतं, रात्री डाक आवृत्ती सुटायच्या आधी जे आलंय ते भाषांतर करायचं, कापायचं, हेडिंग द्यायचं. वर्षानुवर्षं हे करताना कुठल्या कॉपीत काय असतं ते हाताला कळायला लागतं. अफगाणिस्तानची कॉपी आली की बॉम्ब, मेलेल्यांचा आकडा, प्रवक्त्याचं वाक्य, आणि 'स्थानिक नागरिकांच्या म्हणण्यानुसार'. या स्थानिक नागरिकांत बाई सापडली तर नशीब. पण काही बायलाइन, म्हणजे बातमीवरची बातमीदारांची नावं, दिसल्या की मी थांबून नीट वाचायचे, कारण त्यात माणसं असायची. एपी या वृत्तसंस्थेच्या कॅथी गॅनन त्यातल्या एक. या बाई ऐंशीच्या दशकापासून पाकिस्तान-अफगाणिस्तान कव्हर करत होत्या, पहिल्या तालिबान राजवटीत पण होत्या, आणि २००१ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचे बॉम्ब पडत असताना तालिबानने ज्या पाश्चात्त्य बातमीदाराला काबूलमध्ये परत येऊ दिलं त्या याच. तालिबानने, एका बाईला. का, तर त्या त्यांना ओळखत होत्या, त्यांचं म्हणणं आहे तसं छापत होत्या आणि त्यांना नको ते पण छापत होत्या. त्यामुळे त्यांच्या संस्कृतीत बाईशी बोलतच नाहीत हे जे सरसकट सांगितलं जातं ना, ते मला पटत नाही. बोलायचं असतं तेव्हा बोलतात, आणि नको असतं तेव्हा संस्कृती पुढे करतात.

आता घरातलं बघू, कारण खरा फरक तिथे पडतो. पुण्यात अफगाण विद्यार्थी बरेच आहेत, त्यातल्या एका मुलीशी माझी चांगली ओळख झाली, तिने सांगितलेली ही गोष्ट. तालिबान परत यायच्या आधीची, गझनीकडच्या तिच्या गावातली. एका परदेशी चॅनलचा माणूस कॅमेरा घेऊन आला. पाहुण्यांच्या खोलीत बसला, वडील, काका, गावातले दोन म्हातारे, चहा, सुका मेवा. त्याने अगदी आदराने विचारलं की इथल्या बायकांना काय हवंय. काका म्हणाले, आमच्या बायकांना शांतता हवीय, बाकी त्या सुखात आहेत. हे सगळं ती मुलगी पडद्यामागे उभी राहून ऐकत होती. काही महिन्यांनी, हिवाळ्यात, एक बाई आली, सोबत काबूलची अफगाण दुभाषी मुलगी. तिलाही आधी त्याच खोलीत बसवलं, काकांनी तिलाही तेच सांगितलं, आणि मग तिला आत नेलं. आत आजी होती. आजीने तासभर फक्त एकच गोष्ट सांगितली, की धाकटी सून बाळंतपणात कशी गेली, घरात त्या दिवशी तिच्यासोबत जायला पुरुष नव्हता म्हणून संध्याकाळपर्यंत थांबले, मग रस्त्यात नाक्यावर गाडी अडवली आणि दवाखाना यायच्या आधीच ती गेली. ही सून म्हणजे त्याच काकांची बायको.

मी तिला विचारलं, काकांनी लपवलं का. ती म्हणाली नाही हो, काका रात्र रात्र रडायचे, पण परक्या माणसाला सांगायची गोष्ट म्हणून त्यांच्या मनातच ते आलं नसणार. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पहिल्या बातमीदाराशी कोणी खोटं बोललं नव्हतं, तो आळशी नव्हता, वाईट नव्हता, त्याने विचारलं पण बरोबर. त्याला मिळालं ते एवढंच की बायका सुखात आहेत. घर तेच, माणसं तीच, आणि एका देशात बाळंतपणात बायका का मरतात ही सगळी बातमी भिंतीच्या पलीकडे. आणि दुसरी बाई एकटीने पण काही करू शकली नसती, तिच्यासोबतची दुभाषी मुलगी होती म्हणून आजी बोलली. तिचं नाव त्या रिपोर्टमध्ये आलं का, मला शंकाच आहे. तिच्याबद्दल पुढे लिहिते.

पण इथे एक सापळा आहे आणि त्यात चांगले चांगले संपादक अडकतात. बाईला घरात प्रवेश मिळतो हे कळलं की मग तिला घरातच पाठवत राहायचं. बुरखा, बालविवाह, ब्युटी पार्लर बंद झाली, यावर तू कर, आणि युद्ध, करार, पैसा, हेरगिरी यावर तो करेल. म्हणजे इकडच्या ऑफिसात पण तीच पडद्याची भिंत. पत्रकार अनिता प्रताप यांनी १९८४ मध्ये श्रीलंकेतल्या तमिळ बंडखोरांच्या एलटीटीईच्या प्रभाकरनची पहिली मुलाखत घेतली, ती काय बायकांच्या प्रश्नावर नव्हती. १९९६ ला तालिबानने काबूल घेतलं तेव्हा सीएनएनसाठी त्या तिथे होत्या. आपल्या मुंबईत वर्षानुवर्षं बातमीदारी केलेल्या मीना मेनन २०१३ मध्ये द हिंदूच्या प्रतिनिधी म्हणून इस्लामाबादला गेल्या, शहराबाहेर जायची परवानगी नाही, मागावर कायम हेरखात्याची माणसं, आणि मे २०१४ मध्ये व्हिसा न वाढवता आठवड्याभरात निघा म्हणून सांगितलं, त्यांना आणि पीटीआयच्या पुरुष प्रतिनिधीला, दोघांनाही एकदमच. त्यात बाई-पुरुष फरक नव्हता, कारण तिथे प्रश्न होता भारतीय असण्याचा. पत्रकार नयनिमा बसू ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडताना तिथे होत्या. या बायकांनी राजकारण आणि युद्ध कव्हर केलं, आणि जमेल तिथे घराच्या आत पण गेल्या. एका बातमीदाराला दोन्हीकडे जाता येत असेल तर तिला एकाच बाजूला बांधून ठेवणं हे शुद्ध नुकसान आहे.

आता सुरक्षेबद्दल, कारण सगळ्यात जास्त वेळा पुढे केलं जाणारं कारण हेच. धोका खोटा नाही हे मी आधीच सांगते. फेब्रुवारी २०११ मध्ये कैरोच्या तहरीर चौकात इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष मुबारक यांनी पद सोडल्याचा जल्लोष चालू असताना सीबीएसच्या लारा लोगन यांच्यावर जमावाने लैंगिक हल्ला केला, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्रेंच टीव्हीच्या कॅरोलिन सिन्झ यांच्यावर तिथेच. त्यानंतर काय झालं बघा. रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स, पत्रकारांच्या स्वातंत्र्यासाठी काम करणारी संस्था, तिने निवेदन काढलं की माध्यमांनी तूर्त इजिप्तमध्ये महिला पत्रकार पाठवू नयेत. जगभरातल्या बायका खवळल्या आणि त्यांना ते निवेदन बदलावं लागलं. चांगल्या हेतूने काढलं होतं हो, पण परिणाम काय झाला असता? ज्या जमावाला बायका चौकात नको होत्या त्याला जे हवं तेच झालं असतं. शिवाय त्याच चौकात इजिप्तच्या बायका रोज येत होत्या, त्यांच्यावर पण हल्ले होत होते, त्यांची बातमी मग कुणी दिली असती.

आणि गोळी काही बाई-पुरुष बघत नाही. एप्रिल २०१४ मध्ये अफगाणिस्तानातल्या खोस्त प्रांतात निवडणुकीच्या आदल्या दिवशी एका पोलिसाने गाडीत बसलेल्या दोघींवर गोळ्या झाडल्या, फोटोग्राफर आन्या नीडरिंगहाउस जागीच गेल्या आणि कॅथी गॅनन, वर लिहिलं त्याच, भयंकर जखमी झाल्या. हाताची ऑपरेशनं झाली आणि त्या पुन्हा अफगाणिस्तानात कामाला गेल्या. युद्धवार्ताहर मेरी कोल्विन २०१२ मध्ये सीरियाच्या होम्समध्ये तोफमाऱ्यात गेल्या, त्यांच्यासोबत एक पुरुष फोटोग्राफर पण गेला. पुरुष युद्धात मेला की त्याला आपण शूर म्हणतो, बाई मेली की तिला तिथे पाठवलंच का असं विचारतो. आणि ती आई असेल तर विचारूच नका. २००१ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनच्या पत्रकार इव्हॉन रिडली यांना तालिबानने पकडलं, दहा-अकरा दिवसांनी सोडलं, आणि त्यांच्याच देशात चर्चा काय, तर लहान मुलगी घरी असताना ही बाई गेलीच कशी. किती बापांना हे विचारलंय? मी इतकी वर्षं परदेशचं पान लावलं, मला एकही आठवत नाही.

या सोयी-सुरक्षेच्या कारणांचा इतिहास जुना आहे आणि तो कुठल्याही एका धर्माचा नाही हे पण सांगायला हवं. १९५० मध्ये कोरियन युद्धात अमेरिकन जनरल वॉकर यांनी बातमीदार मार्गरिट हिगिन्स यांना आघाडीवरून हाकललं, कारण काय तर तिथे बायकांसाठी सोय नाही. सोय म्हणजे संडास. वॉकर यांचे वरिष्ठ जनरल मॅकआर्थर यांनी तो हुकूम फिरवला, त्या राहिल्या, आणि पुढच्या वर्षी युद्धाच्या बातम्यांसाठी त्यांना पुलित्झर मिळालं. वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये जगभरचे नेते भाषणं द्यायचे तेव्हा बाई पत्रकारांना वरच्या बाल्कनीत उभं करायचे, खाली पुरुष जेवत बसलेले, वरून प्रश्न विचारायला मनाई, आणि सभासद म्हणून बायकांना घेतलं ते थेट १९७१ मध्ये. आपल्याकडे १९६५ च्या युद्धात पत्रकार प्रभा दत्त यांनी आघाडीवर जाऊ द्या म्हणून मागितलं, नाही म्हटलं, तर सुट्टी टाकून त्या खेमकरणला पोचल्या आणि तिथून बातम्या पाठवायला लागल्या, आणि मग त्या छापाव्याच लागल्या.

मी २०१५ च्या एप्रिलमध्ये नेपाळच्या भूकंपाच्या वेळी जायला तयार होते, पान माझंच होतं, नकाशा पाठ होता. मला सांगण्यात आलं की तिथे राहायची सोय नाही आणि घरचे काय म्हणतील. घरच्यांना कुणी विचारलंच नव्हतं. कोरियातली १९५० ची सबब आमच्या ऑफिसात पासष्ट वर्षांनी जशीच्या तशी आली, म्हणून तो विषय माझ्या डोक्यातून जात नाही. तंबूत राहणाऱ्या नेपाळी बायकांना सॅनिटरी पॅड मिळत नाहीत ही गोष्ट मग आम्ही एजन्सीच्या कॉपीतून घेतली, आणि ती लिहिणारी पण बाईच होती.

डोक्यावरच्या कपड्याचा प्रश्न नेहमी येतो आणि तिथे माझं मत जरा वेगळं आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये, डोक्यावरच्या स्कार्फवरून पोलिसांनी पकडलेल्या महसा अमिनीच्या मृत्यूनंतर इराण पेटलेलं असताना, अध्यक्ष रईसी न्यूयॉर्कला आले होते, सीएनएनच्या क्रिस्तियान अमानपूर त्यांची मुलाखत घेणार होत्या, आयत्या वेळी निरोप आला की डोकं झाका. त्यांनी नकार दिला, मुलाखत झालीच नाही, रिकाम्या खुर्चीसमोर बसलेला त्यांचा फोटो सगळीकडे गेला. याच अमानपूर इराणमध्ये काम करताना स्कार्फ घालतात. २०२१ मध्ये सीएनएनच्याच क्लॅरिसा वॉर्ड यांनी काबूलच्या रस्त्यावर काळा अबाया घालून रिपोर्टिंग केलं तेव्हा इथे बसून लोकांनी त्यांची टर उडवली. मला यात विसंगती दिसत नाही. ज्या गावात काम करायचं तिथल्या बायका ज्या बंधनात जगतात त्या बंधनातून चालत जाऊन त्यांचं म्हणणं बाहेर आणायचं असेल तर डोकं झाकणं ही कामाची किंमत आहे, आणि ती द्यायची की नाही ते तिने ठरवावं, स्टुडिओत बसलेल्यांनी नाही. पण न्यूयॉर्कमध्ये, दिल्लीत, तो नियम सोबत घेऊन यायचा कुणालाच हक्क नाही. दूतावासाच्या आवाराला व्हिएन्ना कराराचं संरक्षण असतं हे मान्य, पण ते पोलीस आत घुसू नयेत म्हणून आहे, यजमान देशाच्या बायकांना दारात अडवण्यासाठी नाही, आणि एडिटर्स गिल्डने हे स्पष्ट म्हटलं ते बरं केलं.

पुरुषप्रधान समाज म्हटलं की आपण फक्त काबूल, तेहरान, रियाधकडे बोट दाखवतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्ससाठी दिल्लीतून काम करणाऱ्या सुहासिनी राज केरळातल्या शबरीमला देवळाच्या डोंगरावर बातमीसाठी चढत होत्या, सुप्रीम कोर्टाचा निकाल देवळात प्रवेशासाठी बायकांच्या बाजूने लागून महिना पण झाला नव्हता, आणि जमावाने त्यांना अर्ध्या वाटेवरून परत पाठवलं. देवळात जायचंय असं त्या म्हणत नव्हत्या, बातमी करायला आले म्हणत होत्या. आणि सगळ्यात चटका लावणारी गोष्ट न्यूझीलंडच्या शार्लट बेलिस यांची. १७ ऑगस्ट २०२१ ला तालिबानच्या काबूलमधल्या पहिल्या पत्रकार परिषदेत अल जझिरातर्फे बायका-मुलींच्या हक्कांचं काय करणार हा प्रश्न विचारणाऱ्या याच. पुढे त्या गरोदर राहिल्या, लग्न झालेलं नव्हतं, अल जझिराचं मुख्यालय असलेल्या कतारमध्ये ते गुन्हा, आणि कोविडच्या नियमांमुळे स्वतःचा देश आत घेईना. शेवटी त्यांनी तालिबानच्या वरिष्ठ लोकांना विचारलं आणि ते म्हणाले या, काही अडचण नाही. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी हे जाहीरपणे लिहिलं तेव्हा कुठे न्यूझीलंडला जाग आली आणि त्यांना तिथल्या सक्तीच्या क्वारंटाइनमध्ये जागा मिळाली. कुठला देश पुढारलेला आणि कुठला मागासलेला याचे तक्ते डोक्यात घेऊन बसलेल्यांनी ही गोष्ट दोनदा वाचावी.

आता त्या दुभाषी मुलीकडे येते. परदेशी बातमीदार बाई कितीही धाडसी असली तरी तिच्याकडे परतीचं तिकीट असतं, दुसऱ्या देशाचा पासपोर्ट असतो. तिच्यासोबत फिरणारी, भाषा सांगणारी, कुठल्या गल्लीत जाऊ नये ते सांगणारी मुलगी तिथेच राहते. महसा अमिनीची बातमी जगाला कळली ती निलुफर हामेदी आणि इलाहे मोहम्मदी या इराणी बायकांमुळे, एक हॉस्पिटलमध्ये गेली, एक महसाच्या गावी, साकेझला, अंत्ययात्रेला गेली, आणि दोघींनी वर्षाच्या वर तुरुंग भोगला. अफगाणिस्तानात जलालाबादच्या एनिकास चॅनलच्या मलालाई मैवंद यांना डिसेंबर २०२० मध्ये ऑफिसला जाताना गोळ्या घातल्या, त्याच चॅनलच्या आणखी तिघींना मार्च २०२१ मध्ये. तालिबान आल्यावर चार महिन्यांत पाचातल्या चारहून जास्त अफगाण महिला पत्रकारांची नोकरी गेली हे रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्सनेच मोजलं होतं. पहिल्या तालिबान राजवटीत झाहरा जोया नावाची मुलगी मुलग्याचे कपडे घालून, महंमद नाव सांगून शाळेत गेली, मोठी होऊन पत्रकार झाली, २०२० मध्ये रुखशाना मीडिया काढलं, आणि आता लंडनमधून चालवते. घोर प्रांतात दगडांनी ठेचून मारलेल्या मुलीचं नाव दिलंय त्याला. आतल्या बायका नाव लपवून तिला बातम्या पाठवतात. ऑगस्ट २०२४ च्या कायद्याने बाईचा आवाज सुद्धा परक्याच्या कानावर पडू नये असं ठरवलंय, त्यानंतरही पाठवतात.

म्हणून मला आपल्याकडच्या लोकांकडून काही ठरावीक गोष्टी हव्या आहेत. दिल्ली-मुंबईच्या प्रेस क्लबांनी आणि संपादकांनी लेखी ठरवावं की बाई आहे म्हणून कुणाला आत घेतलं नाही तर आपला एकही माणूस आत बसणार नाही, मग यजमान कुठल्याही देशाचा असो किंवा आपल्याच एखाद्या देवस्थानाचा. मराठी पेपरांनी आणि पोर्टलांनी रुखशाना मीडियासारख्यांची कॉपी रीतसर पैसे देऊन घ्यावी, मराठीत छापावी, लिहिणारीचं टोपणनाव का होईना पण बायलाइन द्यावी, आणि परदेशी बातमीदार जिच्या जोरावर फिरते त्या दुभाष्या मुलीचा विमा, पगार, धोका वाढला तर तिला बाहेर काढायची सोय हे सगळं बजेटमध्ये आधी धरावं. काबूलमधला आपला दूतावास ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला, मागोमाग कुठली ना कुठली भारतीय वृत्तसंस्था तिथे माणूस नेमेल, त्या पहिल्या नावांमध्ये बाईचं नाव असलं पाहिजे, राजकारण आणि व्यापाराच्या बीटसाठी असलं पाहिजे. तालिबानने व्हिसा नाकारला तर नाकारल्याची बातमी करा, तिच्या नावासकट, पहिल्या पानावर, आणि तिच्या जागी गुपचूप पुरुष पाठवू नका.